कोपनहेगनमधलं १८ कोर्सचं जेवण आणि लिंबाशिवायचा आंबटपणा

डेन्मार्कला राहायला आल्यापासून घरून आणि मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो, तिकडे म्हणे हॉटेलात ताटात मुंग्या वाढतात, खरं का? तर हो, खरं आहे. आणि आता मी त्या खाल्ल्या पण आहेत. जूनमध्ये एका संध्याकाळी इथल्या एका टेस्टिंग मेनूवाल्या, म्हणजे शेफ ठरवेल ते छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात अशा, रेस्टॉरंटमध्ये जाऊन आले, १८ कोर्स, साडेचार तास, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढू.

आधी हे मुंग्यांचं प्रकरण कुठून आलं ते सांगते, कारण ते माहीत नसलं की असं जेवण म्हणजे पैसेवाल्यांचे जिभेचे चोचले वाटतात. २००३ मध्ये इथल्या क्रिश्चन्सहाउन भागात, बंदराकाठच्या एका जुन्या गोदामात शेफ रेने रेडझेपी आणि खाद्यव्यावसायिक क्लाउस मायर यांनी 'नोमा' हे रेस्टॉरंट सुरू केलं. तोपर्यंत इथे भारी जेवण म्हणजे बहुतेक फ्रेंच पद्धतीचंच. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, नॉर्डिक, म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे वगैरे उत्तरेकडच्या देशांतल्या शेफनी कोपनहेगनला जमून दहा कलमांचा एक जाहीरनामा केला, की आपल्या जमिनीत, पाण्यात, हवेत जे उत्तम येतं त्यावर आपलं जेवण उभं राहिलं पाहिजे, ज्या त्या ऋतूत जे मिळतं तेच ताटात आलं पाहिजे. ऐकायला किती साधं आहे! पण मग पंचाईत अशी की डेन्मार्कमध्ये ऑलिव्ह येत नाही, लिंबू येत नाही, आणि आंबट नसेल तर जेवणाला चव कुठून येणार? मासा असो, बटाटा असो, गोड असो, सगळ्याला थोडं तरी आंबट लागतंच की.

या एका प्रश्नाची उत्तरं शोधता शोधता या लोकांनी काय काय उकरून काढलंय. समुद्रकिनाऱ्यावर काटेरी झुडपांना लागणारी सी बकथॉर्नची केशरी बोरं, रुबार्बचे देठ, हिरवी कच्ची स्ट्रॉबेरी, जंगलात उगवणारी आंबट पानं, मीठ लावून आंबवलेली फळं आणि भाज्या, नाना तऱ्हेची व्हिनेगरं. आणि मुंग्या. इथल्या जंगलातल्या मुंग्या बचावासाठी फॉर्मिक ॲसिड सोडतात, त्यामुळे त्यांची चव चक्क लिंबासारखी आंबट लागते. म्हणजे मुंगी ताटात आली ती कुणाला दचकवायला नाही, लिंबाच्या जागी आली. हे डोक्यात बसलं आणि मग पुढचे साडेचार तास मी प्रत्येक डिशमध्ये आंबट कुठून आलंय तेच शोधत होते, खरंच इतकी मजा आली त्यात.

बुकिंगबद्दल थोडक्यात. नाटकाच्या तिकिटासारखं पैसे भरून ठेवायचं, महिना-दोन महिने आधी. मेनूचे २,४०० क्रोनर (इथलं चलन), पेयं वेगळी. रक्कम मोठी आहे, मी त्यासाठी बाजूला पैसे टाकत होते. माझ्यासोबत आलेली मैत्रीण पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, ते बुकिंग करतानाच लिहून कळवलं होतं. नंतर दोनदा ईमेल आली त्यांची, चीज चालेल का, मध चालेल का, मशरूम चालतील का, असं एकेक विचारून घेतलं. हे फार आवडलं मला. आणि प्रत्यक्षात तिच्यापुढे जे आलं ते माझ्या डिशमधून मासा काढून टाकलेलं काहीतरी नव्हतं, तिच्यासाठी वेगळा विचार करून बनवलेलं होतं.

आत गेलो तर मेनू हातात दिलाच नाही, तो शेवटी देतात, पाकिटात घालून. सुरुवातीचे चार-पाच पदार्थ हातानेच खायचे. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा कागदासारखा पातळ कुरकुरीत तुकडा, त्यावर बटर आणि समुद्री शेवाळाची पूड. मग व्हिनेगरमध्ये मुरवलेली हिरवी स्ट्रॉबेरी. एक घास, फार तर दोन. वाढायला वेटर येतोच असं नाही, बऱ्याचदा ज्याने डिश बनवली तो कुकच एप्रनवर येऊन ठेवतो आणि सांगतो काय आहे ते. त्यामुळे काहीही विचारता येतं, आणि मी विचारत होते.

मग आला एक शिंपला, मॉहॉगनी क्लॅम. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात राहतो, आणि त्याच्या कवचावर झाडाच्या खोडासारख्या वर्षावर्षाच्या रेषा असतात. ही शिंपली शंभर वर्षं सहज जगतात. २००६ मध्ये आइसलंडजवळ मिळालेल्या एकाचं वय नंतर मोजलं तर ५०७ वर्षं निघालं. माझ्या पुढ्यातल्याचं वय कुकने सांगितलं नाही पण रेषा इतक्या दाट होत्या की बोट फिरवलं तरी जाणवत होत्या. चव अप्रतिम, खारट गोडसर, दाताखाली करकरीत. पण मनापासून सांगते, मला तो घास जड गेला. आपल्या आजीपेक्षाही आधीपासून समुद्राच्या तळाशी बसलेला एक जीव मी तीस सेकंदात संपवला. परत कुठे मिळाला तर नाही म्हणेन. बाकीच्या सतरा कोर्सबद्दल असं एकदाही वाटलं नाही.

आता जिच्यासाठी मी इतकी उत्सुक होते ती गोष्ट. गोटीएवढा केशरी गोळा, चमच्यात. तोंडात टाकला की पातळ पापुद्रा फुटतो आणि आत सगळा सी बकथॉर्नचा रस, इतका आंबट की कानशिलं ताठ होतात, पण लगेच मागून मधाची गोडी येते. हे तंत्र मुळात स्पेनमधलं, एल बुलीचं. कॅटालोनियात रोझेस गावाजवळ कालाच्या, म्हणजे छोट्या खाडीच्या काठावर फेरान आद्रियाचं हे रेस्टॉरंट होतं, वर्षातून साधारण सहा महिनेच उघडं, उरलेला वेळ नवीन पदार्थ शोधायचे, आणि २०११ च्या जुलैमध्ये बंद झालं तरी आज जगात कुठेही असा लांबलचक मेनू खाल्ला तरी त्यात त्याची छाप असतेच. तिथे २००३ मध्ये त्यांनी रसाचे असे गोळे करायला सुरुवात केली. रसात सोडियम अल्जिनेट मिसळायचं, ते शेवाळातून काढतात, आणि तो रस कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा. दोघं भेटतात तिथे जेलचं कातडं धरतं.

पण सी बकथॉर्न पडलं जहाल आंबट आणि इतक्या आंबट रसात अल्जिनेट नीट विरघळतच नाही, गुठळ्या होतात. मग काय करता, असं मी तो गोळा घेऊन आलेल्या कुकला विचारलं तर तिचे डोळेच चमकले. म्हणाली उलटं करतो. कॅल्शियम रसात घालायचं आणि अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. याचा दुसरा फायदा असा की कातडं बाहेरच्या बाजूने धरतं, आतला रस रसच राहतो. पहिल्या पद्धतीत गोळा जास्त वेळ ठेवला तर आतपर्यंत गोठत जातो म्हणून केला की लगेच वाढावा लागतो, उलट्या पद्धतीत तासन्‌तास टिकतो. तिने मला किचनच्या कडेला नेऊन दाखवलं पण. अर्धगोलाकार चमच्यातून रस अल्जिनेटच्या पाण्यात अलगद सोडला, तो आधी पसरल्यासारखा झाला, मग स्वतःला गोळा करून घेतलं, दोन मिनिटांनी छिद्राच्या चमच्याने उचलला, साध्या पाण्यात धुतला, झालं. मी तिथून हलायलाच तयार नव्हते.

तसेच पुढे त्यांच्या आंबवण्याच्या खोलीतही गेलो. एका कपाटात साधारण ३० डिग्रीला सातूवर कोजीची बुरशी वाढवलेली, पांढरी मऊ चादर अंथरल्यासारखी, वास फळांचा येतो, पिकलेल्या पेरूच्या जवळ जाणारा. ही मूळची जपानची, सोया सॉस आणि मिसो याच बुरशीने होतात. दुसरीकडे ६० डिग्रीच्या पेटीत मशरूम, मीठ आणि कोजी कित्येक आठवडे मुरत पडलेले. त्यातून जो काळसर रस निघतो तो थेंबभर दिला आम्हाला चाखायला. मैत्रीण म्हणाली यात मांस नाही याची खात्री आहे ना? इतकी खोल चव होती. तिच्या जवळपास प्रत्येक डिशमध्ये हा थेंब कुठे ना कुठे होता, आणि भाज्यांच्या जेवणाला वजन कशाने येतं ते मला तिथे कळलं.

पुष्कळ जणांचा आक्षेप असतो, एवढे पैसे आणि एवढुसा घास! पण घास छोटा का, तर एकच चव सलग खात राहिलो की तिची गोडी कमी होत जाते, चौथ्या-पाचव्या घासाला जीभ लक्ष देणं सोडते, आणि दुसरं काही समोर आलं की परत जागी होते. बार्बरा रोल्स नावाच्या संशोधिकेने १९८१ च्या सुमाराला हे प्रयोग करून दाखवलंय. १८ कोर्सचा मेनू यावरच चालतो. जीभ कंटाळायच्या आत ताट बदलायचं. आणि पोट व्यवस्थित भरतं हो, चौदाव्या कोर्सला मी पाणी पिणंसुद्धा थांबवलं होतं.

मधेच ब्रेड येतो, आणि तो चक्क एक वेगळा कोर्स म्हणून येतो. सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा पाव, गरम, कवच काळपट भाजलेलं, सोबत आंबवलेल्या सायीचं लोणी. बस. एवढ्या करामतींच्या मधे इतकं साधं काही आलं की बरं वाटतं. तसाच नवा बटाटा. जूनमध्ये इथे नव्या बटाट्यांचं केवढं कौतुक असतं! नखाने साल निघावी असा कोवळा, समुद्री शेवाळात गुंडाळून शिजवलेला, वर रुबार्बच्या रसाचं सॉस. बटाट्याला रुबार्ब, कुणाच्या डोक्यात येईल? मला विचाराल तर अख्ख्या जेवणात पहिला नंबर याचाच.

वाइनऐवजी आम्ही ज्यूस पेअरिंग घेतलं, म्हणजे पदार्थांना जुळतील अशी बिनदारूची पेयं. इथे ते फार मन लावून करतात, एल्डरफ्लॉवर नावाच्या फुलांचा कोम्बुचा (आंबवलेलं पेय), काकडी आणि बडीशेपेसारख्या पाल्याचा गाळलेला रस, भाजलेल्या बीटचं काहीतरी धुरकट. दारू न पिणाऱ्याला गोड सरबत देऊन वाटेला लावलं असं मुळीच नाही.

मुंग्या आल्या सोळाव्या कोर्सला. आंबट पानांचं हिरवं सॉर्बे (दुधाशिवायचं आइस्क्रीम), वर तीन मुंग्या, मेलेल्या, गोठवलेल्या. जीभ टेकवली, दाताखाली एक बारीक कट्ट झालं, आणि आधी लिंबाची साल, मग लगेच आंबट. बस एवढंच. सॉर्बेचा आंबटपणा पसरट होता, मुंगीचा टाचणीसारखा एका जागी टोचणारा, तो फरक अगदी स्पष्ट कळतो. मैत्रिणीच्या सॉर्बेवर मुंगीऐवजी वुड सॉरेलची तीन चिमुकली पानं होती, तीही आंबट, पण माझ्या मते थोडी मवाळ.

सगळंच आवडलं असं नाही. भाजलेल्या गवताच्या तेलाचं एक आइस्क्रीम होतं, चवीपेक्षा कल्पनाच जास्त. आणि एक गोष्ट सारखी मनात येत होती. एका पानावर चिमट्याने आठ पाकळ्या लावणारी माणसं मी डोळ्यांनी बघितली. ही मेहनत करणाऱ्यांत अशा किचनमध्ये जगभर इंटर्न असतात, आणि वर्षानुवर्षं त्यांना पगारच नसायचा. नोमाने २०२२ च्या ऑक्टोबरपासून इंटर्नना पगार द्यायला सुरुवात केली आणि २०२३ च्या जानेवारीत रेडझेपींनी स्वतःच सांगितलं की या पद्धतीचं रेस्टॉरंट पैशाच्या दृष्टीनेही टिकत नाही आणि माणसांच्या दृष्टीनेही नाही. त्यामुळे बुक करण्याआधी मी जिथे गेले तिथे ईमेल करून विचारलं होतं, सगळ्यांना पगार मिळतो का. उत्तर हो आलं, म्हणून गेले. तुम्हीही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्या २,४०० क्रोनरपैकी पुष्कळसे त्या पगारातच जात असणार, मग किंमत तितकी टोचत नाही.

इकडे यायचा विचार असेल तर अजून थोडं. 'जेरेनियम' फुटबॉल स्टेडियमच्या आठव्या मजल्यावर आहे, रासमुस कोफोड यांचं, तीन मिशेलिन स्टार (या मानांकनातले सर्वोच्च), आणि जानेवारी २०२२ पासून तिथे मटण-चिकन पूर्ण बंद, पण मासे असतात, तेव्हा शाकाहारी असाल तर गृहीत धरू नका, आधी कळवाच. 'अल्केमिस्ट' जुन्या गोदीच्या भागात, रेफशालेओनला आहे, तिथे रासमुस मुंक साधारण पन्नास गोष्टी पुढ्यात आणतात आणि तारांगणासारख्या घुमटाखाली बसवतात, तो प्रकार जेवणापेक्षा नाटकाच्या जवळचा. मला निवड करायची झाली तर मी ऋतूवर चालणारं छोटं ठिकाणच घेईन, आणि मे-जून किंवा सप्टेंबरमध्येच, कारण तेव्हा जमिनीतून सगळ्यात जास्त येत असतं.

आणि एवढा खर्च नको असेल तर या चळवळीचा माल स्वस्तातही मिळतो. नोमात काम केलेल्या लोकांनी शहरभर लहान लहान दुकानं टाकलीत. रोझिओ सांचेझ तिथे पेस्ट्री शेफ होती, तिचं मेक्सिकन टाकोचं दुकान आहे, आणि ऑस्टरब्रो भागातली युनो बेकरीसुद्धा नोमात काम केलेल्या माणसाचीच. तिथला वेलचीचा बन घ्या, शनिवारी सकाळी रांग असते पण पटपट सरकते.