तुम्ही विचारलंत म्हणून: ‘यात काहीतरी घालतात’, ते नेमकं काय?

हा प्रश्न मला कायम आवाज खाली आणून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा फोडलेलं पाकीट असतं आणि बोटं मसाल्याने माखलेली असतात. ‘तुम्ही इतकी वर्षं त्या कारखान्यात होतात, आता तर निवृत्तही झालात. खरं सांगा, यात काहीतरी घालतात ना? एकदा सुरू केलं की हात थांबत नाही.’ भाचीची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला आडपडदा ठाऊक नाही. ‘आजी, नशेचं असतं का गं यात काही?’

पाकीटबंद कुरकुरीत पदार्थ तयार करणाऱ्या विभागात मी अन्नतंत्रज्ञ म्हणून 22 वर्षं काढली. तेव्हा मला कानावर हात ठेवता येत नाहीत. घालतो, पुष्कळ काही घालतो. पण तुमचा संशय ज्याच्यावर असतो ते सहसा निर्दोष सुटतं, आणि हात ज्यामुळे थांबत नाही त्याचं नाव पाकिटामागे छापायची सोयच नाही.

संशयितांत पहिला नंबर अजिनोमोटोचा, म्हणजे ग्लुटामेटच्या सोडियम क्षाराचा. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. पिकलेला टोमॅटो किंवा मुरलेलं चीज चविष्ट लागतं ते याच ग्लुटामेटमुळे, आणि आईच्या दुधातही ते भरपूर असतं. बदनामी सुरू झाली 1968 मध्ये. चिनी उपाहारगृहात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं, असं पत्र एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलं. कारणं म्हणून त्याने दोन-चार शक्यता मांडल्या होत्या, लोकांनी त्यातली एकच उचलली. पुढे कुणाला खरी पूड दिली आणि कुणाला खोटी हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही कळणार नाही अशा चाचण्या झाल्या. त्यांत हा त्रास सातत्याने काही दिसला नाही. रिकाम्या पोटी एकदम बरेच ग्रॅम दिल्यावर काही जणांचं डोकं थोडा वेळ दुखलं, एवढंच. आणि मिठात सोडियम 39 टक्के, तर अजिनोमोटोत 12 टक्के, हे ऐकून तर लोक माझ्याकडे कंपनीची दलाल असल्यासारखे बघतात.

आकड्यांचंही तसंच. घटकांच्या यादीतला 300 म्हणजे क जीवनसत्त्व, 440 म्हणजे फळांतलं पेक्टिन, 100 म्हणजे हळदीतला पिवळा रंग. आकडा दिसला की विष, हा हिशेब धरला तर हळदही बाद करावी लागेल.

मग हात का थांबत नाही? त्यासाठी तुम्हाला आमच्या चाखण्याच्या खोलीत न्यायला हवं. लहानशी खोली, फळ्या लावून पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात लाल दिवा. लाल अशासाठी की नमुन्याच्या रंगावरून कुणी मत बनवू नये. वाट्यांवर नावं नसतात, तीन आकडी संख्या असतात. एका वर्षी माझ्याकडे मक्याचा फुगवलेला पदार्थ होता आणि त्याचे दोन नमुने, 417 आणि 682. मसाला तोच, मीठ तेवढंच, तेलही तेवढंच. फरक इतकाच की यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताना 682 जास्त फुलला होता, त्यामुळे त्याच्या आतल्या भिंती पातळ होत्या. चव कुठल्याची चांगली, या प्रश्नावर मतं जवळपास निम्मी निम्मी पडली. मी कागद गोळा केले आणि मग वाट्या उचलायला गेले. 417 च्या वाट्या अर्ध्या भरलेल्या होत्या आणि 682 च्या तळाशी नुसता मसाला उरला होता. वाटी संपवायला कुणालाही सांगितलं नव्हतं. मी ते वहीत टिपलं आणि खाली दोनदा रेघ मारली. त्या वेळी आनंदाने मारली होती, हेही सांगून टाकते.

तुकडा लाळेत विरला की तोंडाच्या लेखी काही खाल्लंच गेलेलं नसतं. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला काही मिनिटं लागतात, तोवर पाकिटाचा तळ दिसायला लागतो. घटकांच्या यादीतली बरीचशी मंडळी याच कामाला जुंपलेली असतात. इमल्सिफायर तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाही, त्यामुळे पदार्थ प्रत्येक घासाला सारखा मऊ लागतो. मॉल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पांढरी भुकटी, चवीची पूड धरून ठेवते. दळून, शिजवून, दाबून, तळून धान्याचा मूळचा वास उडून गेलेला असतो, तो फ्लेवर परत आणून देतो. कुरकुरीतपणाचं तर विचारूच नका. 2004 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना कानाला हेडफोन लावून बटाट्याचे वेफर्स चावायला दिले. चावण्याचा आवाज वाढवला की तेच वेफर्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटायचे. आम्हीही आवाजावर काम करायचो, फक्त हेडफोनशिवाय.

माझं हे वाट्यांचं गाऱ्हाणं म्हणजे काही शास्त्र नव्हे. शास्त्र 2019 मध्ये आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने 20 जणांना चार आठवडे रुग्णालयातच मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं. ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, मेद, मीठ, चोथा सगळं दोन्हीकडे सारखं. पाकीटबंद जेवणात चोथा इतका कमी पडायचा की तो सरबतात विरघळवून द्यावा लागला. पाहिजे तेवढं खा, असं दोन्ही वेळा सांगितलेलं. पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत 0.9 किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. हे सांगताना लोक थबकतात ती गोष्ट अशी, की चवीला दोन्ही जेवणांना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले होते. म्हणजे पाकिटातलं त्यांना जास्त आवडलं होतं असंही नाही. ते फक्त भरभर खाल्लं गेलं. मी वाचलं तेव्हा मला 417 आणि 682 आठवले.

आता दुसरं टोक. ‘मला खावंसं वाटतंय म्हणजे शरीराला काहीतरी कमी पडत असणार.’ हा डोहाळ्यांचा हिशेब आपण सगळ्याच तल्लफांना लावतो. चॉकलेट हवंसं वाटलं की मॅग्नेशियम कमी, असं फिरतच असतं. मॅग्नेशियम भोपळ्याच्या बियांमध्ये चॉकलेटपेक्षा बरंच जास्त असतं, पण मध्यरात्री भोपळ्याच्या बियांसाठी कपाटं उचकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. खरा अपवाद एकच मला माहीत आहे: बर्फ, माती, खडू सतत खावेसे वाटणं. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. तिथे हसण्यावारी न नेता रक्त तपासून घ्यावं.

बाकीची तल्लफ पोटातून येत नाही, खुणेतून येते. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींवर काम केलं. रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळायच्या. थेंबाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, तसं त्या दिव्यालाच उसळायला लागल्या. थेंबाला गप्प. पाकिटाची चुरचुर हा तो दिवा. अमेरिकेत केंट बेरिज यांनी उंदरांतलं डोपामाइन जवळजवळ संपवून पाहिलं. जिभेवर साखर ठेवली की ते अजूनही मजेत ओठ चाटायचे, पण समोरचं अन्न घ्यायला दोन पावलं जायचे नाहीत. आवड शाबूत, हाव गेलेली. मराठीत हे दोन शब्द आधीपासून वेगळे आहेत, आपण ते वापरताना सरमिसळ करतो.

उलटा प्रकार माझ्यावरच झालेला आहे. दिवसभर नमुने चाखून त्या मसाल्याचा अक्षरशः वीट यायचा. संध्याकाळी हाताला वास आला तरी मळमळायचं. आणि रात्री अकराला, स्वयंपाकघरातला दिवा लावला की मी कपाटापुढे उभी असायचे. भूक नसायची. चवही नकोशी असायची. तरी हात जायचा. आपण स्वतः मोजून-मापून बनवलेल्या गोष्टीपुढे आपणच असे उभे, याची लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून हात कधी मागे आला नाही. नव्या पदार्थाच्या गडबडीत झोप पाच तासांवर आली की हे रोजचं व्हायचं. त्याचाही हिशेब पुढे सापडला: 2004 मध्ये शिकागोत 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर दहा तास दिलेल्या रात्रींच्या मानाने भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त आणि तृप्ती कळवणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी भरलं. त्यांनाही गोड आणि खारंच हवंसं झालं होतं.

म्हणजे मिसळलेले सगळे पदार्थ साधूसंत आहेत का? नाही. काहींच्या बाबतीत मीही हात आखडता घेते. नायट्राइट घालून, खारवून किंवा धुरी देऊन टिकवलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये मांडलं. काही कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवणारं सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता थोडी वाढते असं 2007 च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं, म्हणून 2010 पासून युरोपात सहा रंगांवर तशी सूचना छापावी लागते. आणि इमल्सिफायर, ज्यांच्याशी माझा रोजचा संबंध. 2015 मध्ये उंदरांवर दोन इमल्सिफायर वापरून पाहिले, तेव्हा आतड्याच्या आतला चिकट थर पातळ झाला, जंतूंची वस्ती बदलली आणि सूज दिसली. 2022 मध्ये माणसांवर छोटा प्रयोग झाला. त्यातल्या एकाची, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजची, मोठी मात्रा 11च दिवस दिली, तरी आतड्यातल्या जंतूंची विविधता घटली. इतकी मात्रा एका पाकिटातून पोटात जात नाही. पण आमच्या वेळी विचारायची पद्धत अशी होती की हा पदार्थ तुम्हाला विषारी आहे का. तुमच्या जंतूंना काय वाटेल, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

साखरेऐवजी गोडी देणारे पदार्थ वजन उतरवण्यासाठी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलं. त्यावर वेगळं बसून बोलू, नाहीतर माझा जावई चिडतो.

‘मग तुम्ही काय खाता?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. पाकीट आणते मी, अजून. ते वाटीत ओतते, पाकिटाचं तोंड बांधून दुसऱ्या खोलीत ठेवते आणि बसून खाते. रात्री स्वयंपाकघराचा दिवा लावत नाही, पाणी आधीच उशाशी घेते. यात शास्त्र थोडं आणि स्वतःची ओळख जास्त आहे.

परवा भाचीच्या मुलीला वाटीत थोडे फुगवलेले तुकडे दिले आणि शेजारी बदाम ठेवले. म्हटलं, एकेक खा आणि गिळेपर्यंत किती वेळा चावतेस ते मोज. बदामाला तिने मान हलवत हलवत 23 मोजले, जबडा दुखला म्हणाली. मग तुकडा तोंडात टाकला. ‘चारच, आजी,’ ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत दुसरा उचलला.