खर्च पडला, पण पैसे पोहोचले नव्हते

ग्रामीण महिलांच्या स्वयंसहायता समूहांसाठीच्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे एका तालुक्याचे लेखे माझ्याकडे होते, तेव्हा 2020-21 चे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, देण्याची वेळ आली. मानधन, प्रशिक्षण, प्रवासभत्ता ही शीर्षे दोन दिवसांत जुळली. अडलो तो फिरत्या निधीपाशी, म्हणजे समूहांना आपसांत कर्ज फिरवण्यासाठी मिळणाऱ्या रकमेपाशी.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री पाळणाऱ्या समूहांना हा निधी मिळतो. मार्चअखेरीच्या घाईत आम्ही 52 समूहांना प्रत्येकी 15,000 रुपये देण्याचे पत्र बँकेला दिले आणि मी त्याच दिवशी रोकडवहीत खर्च टाकला. बँकेने रकमा प्रत्यक्षात एप्रिलमध्ये पाठवल्या. दरम्यान, विलीनीकरण झालेल्या काही बँकांचे जुने आयएफएससी कोड 31 मार्चनंतर बंद झाले होते. त्यामुळे 19 समूहांचे 2,85,000 रुपये आमच्याच खात्यात परत आले, तेही एकत्रित आणि नावांशिवाय. वहीनुसार पैसे गेलेले, खात्यात मात्र पडून राहिलेले.

वरिष्ठ कार्यालयाने प्रमाणपत्र तीनदा परत केले. प्रथम रोकडवही आणि बँक खाते यांचे ताळमेळ पत्रक नाही म्हणून, नंतर ताळमेळ पत्रकात फरक आहे म्हणून. तो फरक दाखवण्यासाठीच ते पत्रक असते, हे कोणी कोणाला सांगायचे? तिसऱ्या वेळी तोंडी सूचना आली की रक्कम खर्चातच राहू द्या, म्हणजे विनियोग कमी दिसणार नाही आणि पुढचा हप्ता अडणार नाही. मला राग आला. उपयोगिता प्रमाणपत्राच्या बारा-अ नमुन्यावर सही करणारे, निधी ज्या कामासाठी मिळाला त्याच कामासाठी वापरला गेल्याची खात्री केली असल्याचे लिहून देतात, आणि इथे 19 गटांतील बायका तर दर बैठकीत ‘पैसे कधी येणार?’ असे प्रेरिकेला, म्हणजे समूहांसोबत गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीला, विचारत होत्या. खर्च दाखवला असता तर कागदोपत्री त्यांना पैसे मिळालेलेच ठरले असते आणि त्यांची मागणी पुन्हा कोणी ऐकली नसती.

मी उलट नोंद करून तो खर्च रद्द केला, रक्कम अखेरच्या शिल्लकेत दाखवली आणि टिपणीत तारखांसह कारण लिहिले. नावे शोधायला मात्र पाच आठवडे गेले. शाखेत रोज वेगळा माणूस, रोज तेच उत्तर. शेवटी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेचा त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लेखी मागितला, तेव्हा यादी एका दुपारी हातात पडली. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. पासबुकाच्या पहिल्या पानाची नवी छायाप्रतही मार्चपूर्वीच मागवावी. आमच्याकडच्या प्रती जुन्या होत्या. आणि खात्यावरचे व्याज वेगळे दाखवावे, ते अनुदानाच्या खर्चात मिसळू नये; आमचे एक प्रमाणपत्र आधी त्यावरूनही परत आले होते.

वित्तीय नियमांप्रमाणे प्रमाणपत्राला आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात, म्हणून आम्ही मुदतीत बसलो. हप्ता उशिरा आला, पण आला. त्याआधीच 19 पैकी 18 समूहांच्या खात्यांत पैसे जमा झाले होते. उरलेल्या एका समूहाच्या खात्याचे नावच बँकेत चुकीचे होते, आणि ते दुरुस्त व्हायला दिवाळी उजाडली.