बेळगाव–कारवार–गोकर्ण: खाऱ्या वाऱ्यातून गाडी सांभाळून आणताना

मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरात, मालवणला जाऊन आलो. आल्यावर मोटरसायकल अंगणात लावली, वर ताडपत्री ओढली आणि कामाला लागलो. पंधरा दिवसांनी ताडपत्री काढली तर दोन्ही चाकांच्या स्पोकवर तांबूस पूड बसली होती, पुढच्या शॉकअपच्या पाइपवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडले होते आणि मागचा ब्रेक दाबला की सुटायला वेळ लावत होता. पुढे महिन्याभरात त्या ठिपक्यांनी ऑइल सील, म्हणजे तेल आत धरणारी रबरी रिंग, कापलं आणि शॉकअपमधून तेल गळायला लागलं. मेस्त्रींनी चाक फिरवत एवढंच विचारलं, "येऊन पाणी मारलास काय?" मारलं नव्हतं. फडक्याने पुसून मात्र घेतलं होतं.

जास्त वाईट याचं वाटलं की मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगच्या कारखान्यात काम करतो. लोखंडावर जस्त चढवणं हाच आमचा धंदा. माल पाठवण्याआधी नमुने एका पेटीत ठेवतो. त्या पेटीत ३५ अंश तापमानात ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं रात्रंदिवस सोडलेलं असतं. आधी जस्तावर पांढरा गंज येतो. जस्त संपलं की खालच्या लोखंडाला तांबडा गंज धरतो. किती तासांनी काय आलं याची वही मी स्वतः लिहितो. तरीही माझी गाडी तशाच हवेतून आली आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणून या जानेवारीत कारवार-गोकर्णला निघताना आधी नीट तयारी केली. तुमच्यापैकी बरेच जण हिवाळ्यात घाट उतरून समुद्राकडे जातात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

कॅनडात असलेल्या चुलतभावाशी फोनवर बोलणं झालं. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावरच मीठ टाकतात. त्यामुळे हिवाळा संपला तरी तो लगेच गाडी बाहेर काढत नाही, दोन-चार जोराचे पाऊस पडून रस्ते धुऊन निघायची वाट बघतो. आपल्या रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही. आपल्याकडे ते समुद्रावरच्या वाऱ्यातून येतं आणि मासळीच्या गाड्यांमधून गळणाऱ्या बर्फाच्या पाण्यातूनही येतं. पण एका बाबतीत आपली अवस्था जास्त अवघड आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे पाऊसच नसतो. गाडीच्या खाचेत बसलेलं मीठ तुम्ही धुतलं नाही तर ते वळवाच्या पावसापर्यंत तिथेच राहतं.

निघायच्या आदल्या रविवारी गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवली. चेन रॉकेलने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल लावलं. रबरी रिंगांची चेन असेल तर पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरू नका, रिंगा खराब होतात. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावलं. टाकी, मडगार्ड, रिम आणि शॉकअपच्या पाइपांना मेणाचं पॉलिश दोन हात दिलं. स्पोक जिथे निप्पलमध्ये (रिमकडच्या त्याच्या बारीक नटमध्ये) शिरतो तिथे बारीक ब्रशने तेलाचा एकेक थेंब सोडला. वेळ लागतो, पण हे काम टाळू नका. ब्रेकच्या डिस्कला मात्र तेलाचा हातही लागू देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ बोल्टांना गेला. इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले आणि मधे खारं पाणी शिरलं की त्याची बॅटरीच तयार होते. या जोडीत खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी पूड आट्यांमध्ये घट्ट बसते आणि पुढे बोल्ट खोलताना डोकंच तुटून हातात येतं. बरेच जण हौसेने स्टेनलेस स्टीलचे चकचकीत बोल्ट बसवून घेतात. ते स्वतः गंजत नाहीत, पण ॲल्युमिनियमला साध्या बोल्टपेक्षा जास्त त्रास देतात, कारण साध्या बोल्टवरचं जस्त आधी स्वतः झिजून थोडा बचाव तरी करतं. बसवायचेच असतील तर आट्यांना अँटीसीझ पेस्ट (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची ग्रीससारखी पेस्ट) लावून बसवा. मी बाहेरून दिसणारे बोल्ट एकेक करून काढले, आटे पुसले आणि पेस्ट लावून परत बसवले. एका वेळी एकच बोल्ट काढायचा, म्हणजे गॅस्केट हलत नाही.

निपाणीचा मावसभाऊ त्याची गाडी घेऊन आदल्या रात्रीच आला होता. सकाळी सहाला निघालो. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा करत कारवार. हा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. दिवसाउजेडीच पार करा, हॉर्न कमी वाजवा आणि खानापुरात किंवा रामनगरात टाकी भरून घ्या. जानेवारीत खानापूरच्या पुढे धुकं एवढं होतं की हेल्मेटची काच दर दोन मिनिटांनी पुसावी लागत होती. अणशी घाट उतरला तसं जॅकेट उतरलं. दुपारी सदाशिवगडाच्या बाजूची हवा लागली, ओठ चाटले तर खारट.

कारवारला किनाऱ्याजवळच्या लॉजवर उतरलो. तिथेच बीचला लागून आयएनएस चपळ ही नौदलाची युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे, ती बघून घ्या. आम्ही संध्याकाळ तिथेच काढली. गाड्या रात्री लॉजच्या समोर उघड्यावर होत्या. सकाळी बघतो तर टाकीवर दव साचलेलं. बोट फिरवून जिभेला लावलं, चांगलंच खारट होतं. म्हणजे आम्ही पाण्यात पाऊलही न टाकता गाडीवर मिठाचा थर बसला होता.

मागच्या वर्षी माझं काय चुकलं ते इथे नीट कळलं. कोरडं मीठ लोखंडाला लगेच काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. बेळगावात हिवाळ्याच्या पहाटे दव पडतं. म्हणजे घाट चढून घरी आलो, समुद्र शंभर किलोमीटर मागे राहिला, तरी गाडीवरचं मीठ रोज पहाटे ओलं होतं आणि दुपारी वाळतं. पंधरा दिवस ताडपत्रीखाली हेच चाललं होतं. ताडपत्रीमुळे ओल आत कोंडली गेली, ते वेगळंच. प्रवासाच्या दोन दिवसांत गाडीचं जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त ती घरी उभी असताना होतं.

दुसऱ्या दिवशी अंकोल्यावरून गोकर्णला. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो याच अंकोल्यात. मादनगेरीला हायवे सोडला की गोकर्णच्या वाटेवर सानिकट्ट्याची मिठागरं लागतात. जानेवारीत मिठाचे ढीग नव्हते, आगरांच्या बांधांची डागडुजी चालली होती. पांढरं मीठ बघायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा. उन्हात ते चौकोन चौकोन पाणी बघत आम्ही तासभर बसलो. मी रोज कारखान्यात ज्या मिठाशी झगडतो ते इथे माणसं चिखलात पाय रोवून पिकवतात. मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

गोकर्णच्या किनाऱ्यावर भावाने गाडी ओल्या वाळूत घातली. "दादा, एकच फोटो," म्हणाला. लाट आली आणि चेन, मागचं चाक, सायलेन्सर सगळं न्हाऊन निघालं. वाळूवर गाडी नेऊच नका. वाळू आणि खारं पाणी मिळून चेनची वाट लागते, शिवाय किनाऱ्यावर लोक असतात, पोरं खेळत असतात. आता ती गाडी लगेच धुणं भाग होतं. लॉजच्या मागे विहीर होती, तो बादली भरायला लागला. मी आधी पाणी चाखलं, तर मचूळ. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींना खारं पाणी उतरतं. अशा पाण्याने गाडी धुतली तर मीठ निघत नाही, वर आणखी बसतं. शेवटी प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार विकत आणले आणि फक्त चेन, ब्रेक आणि स्पोक यांवर सावकाश ओतले.

परत येताना अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, मग हल्याळ आणि नंदगडवरून खानापूर. घाटात मासळीची गाडी पुढे आली तर तिच्या मागे मागे राहू नका. खालून गळणारं पाणी खारट असतं, तुमच्या पुढच्या चाकावर आणि इंजिनवर उडतं, आणि वळणावर त्यावरून टायरही घसरतो. रस्ता मोकळा असेल तर नीट बघून पुढे जा, नाहीतर चहाला थांबा. आम्ही थांबलो.

यल्लापूरला घाट संपला की पाणी गोडं. मुद्दाम तिथे वॉशिंग सेंटर शोधलं, घरी पोचायची वाट बघितली नाही. आधी अर्धा तास गाडी गार होऊ दिली. तापलेल्या इंजिनवर आणि डिस्कवर गार पाणी मारू नये. मग पोराला सांगितलं की फोर्स कमी ठेव. जोराचं पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये, चेनच्या रिंगांत आणि वायरिंगच्या कपलरमध्ये शिरतं आणि सोबत मीठही आत नेतं. मिठासाठी जोर लागत नाही, भरपूर पाणी लागतं. मीठ विरघळून वाहून जायला हवं, म्हणून वरून खाली, एकाच जागी बराच वेळ. मडगार्डच्या आतली बाजू, इंजिनच्या खाली, रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीत, ब्रेकच्या कॅलिपरभोवती. मग गाडीचा शॅम्पू, मग परत साधं पाणी. भांड्यांचं लिक्विड वापरू नका. ते घट्ट व्हावं म्हणून त्यात बऱ्याचदा मीठच घातलेलं असतं, आणि तुम्ही लावलेलं मेणही ते काढून टाकतं. तिथल्या पोराने सवयीप्रमाणे डिझेलचा फवारा मारू का विचारलं. नको म्हटलं. डिझेलने रबर फुगतं, ब्रेकवर उडतं, आणि खाली मीठ राहिलं असेल तर ते त्या चिकट थराखाली दाबून बसतं. तेल नेहमी धुऊन वाळवल्यावरच.

तिथून नंदगडपर्यंतच्या रस्त्यात दोघांच्याही गाड्या वाऱ्याने आणि इंजिनच्या उष्णतेने वाळल्या. मधूनमधून ब्रेक हलके दाबत राहिलो, म्हणजे पॅडमधलं पाणी निघून जातं. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी थांबलो. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या या कित्तूरच्या वीराला १८३१ साली इथेच फाशी दिलं. लहानपणी वडील मला इथे घेऊन आले होते.

घरी पोचल्यावर चेनला पुन्हा तेल, साइड स्टँडच्या बोल्टला आणि क्लचच्या लिव्हरला ग्रीस, आणि लोखंडी उघड्या भागांवर फडक्याने तेलाचा पातळ हात. डब्ल्यूडी-४० हा डब्यातला फवारा पाणी हाकलायला चांगला, पण त्याचा थर फार दिवस टिकत नाही, त्यावर अवलंबून राहू नका. गाडी आता मागच्या पडवीत उभी असते, वर छप्पर आणि बाजूंनी वारा खेळता. झाकायचीच तर जुनी सुती चादर. क्रोमवर तांबूस ठिपके दिसले तर पाण्यात भिजवलेला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा हलक्या हाताने घासा आणि लगेच मेण लावा. ठिपके जातात, पण तिथे क्रोमखालचं लोखंड उघडं पडलेलं असतं, म्हणून दर महिन्याला मेण लावावं लागतं.

तीन आठवड्यांनी दोन्ही गाड्या मेस्त्रींकडे नेल्या. स्पोकची चावी लावली तर सगळी निप्पलं फिरली, ब्रेकच्या पिना सरकत होत्या, शॉकअपचे पाइप स्वच्छ. फक्त एके ठिकाणी चुकलो. नंबरप्लेटच्या मागे, मडगार्डला जिथे ती बोल्टने घट्ट बसते, त्या फटीत दोन्ही गाड्यांना तांबडी रेघ धरली होती. तिथे पाणी वरून कितीही मारलं तरी पोचत नाही. धुण्याआधी नंबरप्लेट सैल करून घ्या, दहा नंबरचा पाना सोबत असू द्या.