तोफेची पिन आणि ड्रोनची मोटर : आमची वाटचाल

भोसरीच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. आत शिरलं की डाव्या हाताला लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग. उजव्या हाताला काचेच्या पार्टिशनमागे तांब्याच्या तारेचं वाइंडिंग. डावीकडे जुन्या विमानविरोधी तोफांच्या पिना, बुश आणि लहान गिअर बनतात, उजवीकडे ड्रोनच्या मोटरी. बँकेचे साहेब आले की हमखास विचारतात, "मॅडम, यातलं पुढे टिकणार काय?" दोन्ही टिकणार, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच. माल कुणाला जातो, किती जातो हे लिहायची परवानगी नाही. काम कसं उभं राहिलं ते मात्र सांगता येतं.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. हा कारखाना १८६९ सालचा. पुढे १९५८ मध्ये शस्त्रास्त्र संशोधनाची एआरडीई ही संस्था पुण्यात सुरू झाली, आज ती पाषाणला आहे. खडकी, देहूरोड, दिघी, पाषाण या सगळ्या परिसरात त्यामुळे टर्नर-फिटरांची एक पिढीच तयार झाली, जिला शतांश मिलिमीटरची शिस्त अंगवळणी पडली होती. बाबा त्यातलेच. नोकरी सोडून त्यांनी एक जुनं एचएमटी लेथ मशीन घेतलं आणि फ्यूजचे पितळी भाग जॉबवर्कवर करायला लागले.

फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या टोकावरचा भाग. गोळा कधी फुटायचा हे तो ठरवतो. कोठारात, ट्रकमध्ये, अगदी हातातून निसटला तरी त्याने निपचित राहायचं. तोफेतून सुटून सुरक्षित अंतरावर गेल्यावरच कामाला लागायचं. बाबा प्रत्येक नगाला गो–नो गो गेज, म्हणजे माप बसतं की नाही ते सांगणारं मापक, लावायचे. ड्रॉइंगवर नमुना तपासणी पुरेशी आहे असं लिहिलेलं असलं तरी. कुणी घाई केली तर एवढंच म्हणायचे, "आपल्याच जवानाच्या हातात फुटला तर?" आमच्याकडे आजही तपासणी शंभर टक्के असते आणि त्याचा खर्च आम्ही कोटेशनमध्ये धरतो. काही पार्ट्या त्यामुळे दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजातून मेकॅनिकल करून कारखान्यात आले तेव्हा बाबांनी मला आधी फ्यूजचा इतिहास वाचायला लावला. दुसऱ्या महायुद्धाआधी विमानावर गोळा डागताना तो किती सेकंदांनी फुटावा याचा अंदाज बांधून वेळ लावावी लागे, आणि बहुतेक गोळे वाया जात. अमेरिकन शास्त्रज्ञांनी गोळ्याच्या टोकातच एक छोटासा रेडिओ बसवला, जो लक्ष्याजवळ येताच गोळा फोडतो. त्यातल्या काचेच्या नळ्यांची सुरुवात कानाच्या श्रवणयंत्रांत वापरल्या जाणाऱ्या नळ्यांपासून झाली. तोफेतून सुटताना गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पट धक्का बसतो, तरी त्या फुटायला नकोत! जानेवारी १९४३ मध्ये हेलेना या युद्धनौकेने प्रशांत महासागरात हा फ्यूज पहिल्यांदा लढाईत वापरला. १९४४ मध्ये लंडनवर येणारे जर्मन व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारे बॉम्ब पाडण्यात त्याचा मोठा वाटा होता. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा वेगळाच आहे. युद्ध संपेपर्यंत असे दोन कोटी वीस लाखांहून जास्त फ्यूज बनले. कल्पना प्रयोगशाळेची होती, पण ती आघाडीवर पोचली ती एकेका नगाचं माप सांभाळणाऱ्या कारखान्यांमुळे.

हेच आपल्या इतिहासात उलट्या बाजूने दिसतं. भोकरदनजवळच्या असईला आम्ही गेलो होतो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं ते रान. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेने इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला असा तडाखा दिला की लढाई जिंकूनही त्याच्या सैन्यातला तिसरा हिस्सा मेला किंवा जखमी झाला. शिंद्यांचे गोलंदाज तोफांच्या खाली मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे सरकले तसे उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. त्या तोफांचं कौतुक शत्रूने केलं. महादजींच्या काळात त्यांच्या पदरच्या डी बॉईन या युरोपीय सेनानीने आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना उभा केला होता आणि सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तो सांभाळत होता. असईत शंभरेक तोफा गेल्या. तेही भरून काढता आलं असतं. पण त्याच ऑक्टोबरात इंग्रजांचा दुसरा सेनापती लेक याने आग्रा घेतलं आणि तोफा ओतणारा कारखानाच गेला. असईबद्दल आपण पराक्रम आणि फितुरी एवढंच बोलतो. युरोपीय अधिकारी सोडून गेले हे खरंच. पण भट्टी गेली, याची हळहळ मला जास्त वाटते.

मधली वर्षं भराभर सांगते. संरक्षणाच्या ऑर्डरी कधी भरभरून येत, कधी वर्षभर एकही नाही. घर आणि पगार चालले ते दुचाकी-चारचाकीच्या भागांवर. पाण्याच्या पंपांचे शाफ्टही केले. तोफांच्या पिना-बुशचं काम मात्र आम्ही कधी सोडलं नाही, कारण ते ड्रॉइंग आणि ती गेजं एकदा कपाटात गेली की परत काम सुरू करायला फार जड जातं.

२०२० च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखचं युद्ध झालं. अझरबैजानने अँटोनोव्ह एएन-२ ही शेतात फवारणी करणारी जुनाट दोन पंखी विमानं वैमानिकाविना सोडली. आर्मेनियाच्या विमानविरोधी यंत्रणांनी ती पाडायला रडार चालू केली, त्यांची जागा उघडी पडली, आणि वर घिरट्या घालणाऱ्या हारोप आणि बायरक्तार ड्रोननी त्यांचा वेध घेतला. अशी आमिषाची चाल इस्रायलने १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियाविरुद्ध यशस्वी करून दाखवली होती, त्यामुळे जाणकारांना नवल वाटलं नसेल. मला मात्र एक गोष्ट लख्ख दिसली. आता ही चाल खेळायला बलाढ्य हवाई दल असावंच लागत नाही. ड्रोन हा तोफगोळ्यासारखा खपणारा माल होणार, आणि खपणारा माल म्हणजे आमचं काम.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राचे ड्रोन नियम आले, फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुट्या भागांना मात्र मुभा राहिली. साहजिकच देशात ड्रोन जुळवणारे पुष्कळ झाले, पण त्यातली मोटर बहुतेक वेळा चिनी. आम्ही मोटरीत उतरायचं ठरवलं ते तेव्हा. बाबा आता कारखान्यात रोज येत नाहीत, पण त्यांनी एकच विचारलं, "तपासणी कोण करणार?" मग होकार दिला.

ड्रोनची ब्रशलेस मोटर बाहेरून साधी दिसते. आत स्टेटरला, म्हणजे न फिरणाऱ्या भागाला, बारा दात असतात, सिलिकॉन स्टीलच्या ०.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांची चळत करून बनवलेले. त्या प्रत्येक दाताभोवती मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळायची. यंत्राने गुंडाळता येते, पण लहान मोटरीत दातांमधली जागा इतकी अरुंद की जास्तीत जास्त तांबं बसवायचं तर हातच लागतो. आमच्याकडच्या ताई बांबूची चपटी काडी घेऊन एकेक वेढा शेजारच्या वेढ्याला टेकवत नेतात. वेढ्यावर वेढा चढला, मुलामा खरवडला गेला, की मोटर टेस्टवर ठीक चालते आणि उन्हात तापल्यावर शॉर्ट होते. म्हणून वाइंडिंग झाल्यावर जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासतो. वरच्या घंटेच्या आकाराच्या फिरत्या टोपीत, जिला आम्ही घंटाच म्हणतो, चौदा चुंबकं चिकटवतो. चुंबक आणि स्टेटर यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाएवढी. शेवटी बॅलन्सिंग. घंटा फिरवून कंप कुठे आहे ते पाहायचं आणि हलक्या बाजूला इपॉक्सीचा ठिपका ठेवायचा. हा ठिपका बाजरीच्या दाण्याहून मोठा लागला तर ती घंटा परत लेथवर जाते. कंप राहिला तर कॅमेऱ्याचं चित्र थरथरतं, आणि चित्र थरथरलं तर टेहळणीचा ड्रोन उडवून उपयोग काय?

आपल्याकडची परीक्षा युरोपातल्यापेक्षा कठीण आहे, हे ग्राहकांशी बोलताना मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. लडाखात पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येते. पंखा तोच ठेवला तर तो जास्त वेगाने फिरवावा लागतो, नाहीतर मोठा पंखा लावावा लागतो. दोन्हीत मोटरीवर ताण. थंडीने बॅटरीही लवकर मान टाकते. उलट जैसलमेरला बेअरिंगमध्ये बारीक वाळू शिरते आणि मोटर आधीच तापलेली असते. एकाच मोटरीत दोन्ही भागवायचा हट्ट आम्ही सोडून दिला. दोन वेगळी मॉडेल ठेवली, वाइंडिंगचे वेढे आणि बेअरिंग वेगळे. पैशाचं म्हणाल, तर एका खरेदीदाराकडे आमचं बिल इतकं रखडलं की दिवाळीचा बोनस कर्ज काढून दिला. लघुउद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे. तो पाळला गेला तर नव्या शस्त्रांसाठी वेगळ्या अनुदानाची भाषा निम्म्याने कमी करता येईल, असं मी कुठल्याही सभेत सांगते.

युक्रेनच्या युद्धाने आमच्या कामाचा वेगच बदलला. तिथे स्वस्त एफपीव्ही ड्रोन, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचे ड्रोन आले, त्यावर उपाय म्हणून त्यांचा रेडिओ संपर्क तोडणारे जॅमर आले, जॅमरला चुकवायला २०२४ पासून ऑप्टिकल फायबरचं रीळ घेऊन उडणारे ड्रोन आले. दहा-वीस किलोमीटरची केसासारखा तंतू मागे सोडत जायचं, म्हणजे जॅमरला अडवायला रेडिओ लहरच उरत नाही. बातमी वाचणाऱ्याला त्यात करामत दिसते. आम्हाला दिसतं ते रिळाचं वजन. ते वजन आलं की ग्राहकाला कमी केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला कमी फेरे पण जास्त जोर देणारी मोटर लागते, तीही पुढच्या महिन्यात. पूर्वी फ्यूजच्या ड्रॉइंगवर एखादी सुधारणा व्हायला वर्षं लागायची. आता पत्र्याच्या डाय, वाइंडिंगचे साचे, सगळं शेजारच्या गाळ्यातल्या टूलरूममधून आठवड्यात करून घ्यावं लागतं. भोसरी-चाकणसारखी वसाहत इथेच कामाला येते. मोठ्या कंपनीत डाय बदलायला कागद फिरतो. इथे मी सायकलवरून ड्रॉइंग घेऊन जाते.

आणि मग मे २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतर ८ मेच्या रात्री पाकिस्तानकडून छत्तीस ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचं आपल्या सैन्याने सांगितलं. ते पाडण्यात आकाश क्षेपणास्त्रं होती, सगळी रडार एका चित्रात जोडणारी आकाशतीर यंत्रणा होती, आणि होत्या एल-७० तोफा. चाळीस मिलिमीटरची ही बोफोर्सची तोफ आपल्याकडे साठच्या दशकापासून आहे. मिनिटाला तीनशेच्या आसपास गोळे. तिला नवे इलेक्ट्रो-ऑप्टिकल डोळे आणि रडारची जोड दिली गेली, आणि अर्ध्या शतकाहून जुनी तोफ ड्रोनवर सर्वांत परवडणारा उपाय ठरली. युक्रेनमध्ये सत्तरच्या दशकातल्या जर्मन गेपार्ड तोफांनी इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनविरुद्ध हेच केलं. लाखो रुपयांच्या ड्रोनवर कोटींचं क्षेपणास्त्र रोज उडवणं कुठल्याच देशाला झेपत नाही. त्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये पिना-बुशच्या लाइनवर कुणीही रजा मागितली नाही. आमच्या फोरमन काकांनी कपाटातली बाबांची गेजं काढून पुन्हा तपासायला पाठवली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला लेथ आणि वाइंडिंगची टेबलं एकत्र पुजली, झेंडूची एकच लांब माळ दोन्हीकडून नेली.

सध्याची मोठी अडचण चुंबकांची आहे. मोटरीतली निओडायमियमची चुंबकं तापली की दुबळी होतात. तसं होऊ नये म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीची बंधनं आणली आणि आमच्या गोदामातला साठा आम्ही नगावर मोजून वापरायला लागलो. आपल्या केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यातून दुर्मीळ मृदा धातू मिळतात. तुटवडा आहे तो वाळूपासून तयार चुंबकापर्यंतच्या मधल्या भट्ट्यांचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या चुंबकांच्या उत्पादनासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. ते कारखाने उभे राहायला वेळ लागेल. तोवर आम्ही दोन गोष्टी करतोय. उष्ण हवेत न जाणाऱ्या मॉडेलमध्ये डिस्प्रोशियम नसलेली चुंबकं वापरतो, आणि नापास घंटांतली चुंबकं गरम करून सोडवतो, तपासतो, पुन्हा लावतो. दुसऱ्या कामात वेळ फार जातो, पण सोडवलेल्या चुंबकांची ताकद आम्ही नव्याइतकीच काटेकोर मोजतो.

या वर्षी वाइंडिंगचं दुसरं टेबल सुरू करायचं आहे आणि त्यासाठी माणसं हवी आहेत. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन झालेले चालतील. पण गावाकडे शेतीपंपाची मोटर रिवाइंड करून ज्यांचा हात बसलाय, अशांना आम्ही आधी बोलावतो, त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसलं तरी. पंपाच्या जाड तारेवरून केसाएवढ्या तारेवर यायला त्यांना फार दिवस लागत नाहीत. सुरुवातीला पूर्ण पगारावर शिकवतो, आणि स्वतः गुंडाळलेली मोटर स्वतःच टेस्ट बेंचवर लावायला देतो.