खुर्चीवरचा पलंगपोस

"तुला राग नाही का गं येत?" व्याख्यान झालं की चहाला हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीतही. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारला, तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. म्हणायचं असतं ते असं: आंध्र किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणमच्या माणसांनी हाताने रंगवलेली चीट, म्हणजे नक्षीचं सुती कापड, इंग्लंडमधल्या लोकांनी कापली, खुर्च्यांना ठोकली, आणि तू तिथे बसून तीच त्यांना सांधून देतेस!

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

कापली, हे खरं. पण ती कुणी देवळातून पळवली नव्हती, ऑर्डरचा माल होता. १६४३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनहून कळवलं, की लाल जमिनीचे, म्हणजे नक्षीमागचा रंग लाल असलेले पलंगपोस सगळ्यांना रुचत नाहीत, पांढरी जमीन जास्त ठेवा. इकडच्या चिताऱ्यांनी ठेवली. रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६३ मध्ये बायकोची खोली मढवायला अशीच चीट घेतली. पुढे तिथल्या विणकरांनी इतकी ओरड केली की १७०१ पासून बंदी आली, १७२१ च्या कायद्याने ती आणखी कडक झाली, तरी माल येतच राहिला. डेव्हिड गॅरिक या नटाच्या बायकोला पलंगासाठी कलकत्त्याहून आलेली चीट १७७५ मध्ये कस्टमने जप्त केली, तेव्हा नवऱ्याला अर्जविनंत्या कराव्या लागल्या. पैसे मोजून घेतलेलं कापड माणूस कापणारच. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारणारी माझी आत्या स्वतः आजीच्या इरकलीच्या उशांना टेकून बसलेली असते.

हे उत्तर मला पाठ आहे. त्यात खोटं काही नाही. फक्त एक गोष्ट मी त्यातून नेहमी गाळते.

जुनी कापडं सांधायच्या या नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका जुन्या घरातली खुर्ची आमच्या टेबलावर आली. बैठकीवर चीट, मोठ्या पलंगपोसातून कापलेली: झाडाच्या खोडाचा तुकडा आणि कडेला अर्धा मोर. उरलेला अर्धा कुठे गेला कुणास ठाऊक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा पलंगपोस आहे, बैठक नव्हे, तो उतरवून सपाट ठेवायला हवा, असा अहवाल मी लिहिला. वरच्या बाई म्हणाल्या, धरून राहिलाय तोवर राहू दे. मी हट्ट धरला. परवानगी मिळाली.

एकेक चूक उपसत गेले. (बारीक खिळ्याला आपल्याकडे चूकच म्हणतात, त्याला मी काय करू.) खालची दुमड उघडली आणि हात थांबला. आत पान हिरवं होतं. काचेमागे तुम्ही बघता ती निळी पानं मुळात हिरवीच असतात. निळीवर हाताने पिवळा चढवलेला असतो, तो उजेडाने उडतो आणि निळं मागे राहतं. या दुमडीत मात्र उजेड शिरलाच नव्हता. ज्याने कापून ठोकलं, त्याच्याच ठोकण्याने ते हिरवं वाचलं होतं. मी सगळ्यांना हाका मारल्या आणि त्या भरात दुमड आणखी बोटभर उलगडली.

मोराची मान तुटली. काळी रेघ हिरड्याची आणि लोखंडाची असते, आणि लोखंड सूत खातं. हे मी परीक्षेत लिहून आले होते. आवाजसुद्धा झाला नाही. पांढऱ्या कागदावर चिमूटभर काळी पूड, आणि रेघ होती तिथे फट.

बाई एवढंच म्हणाल्या, पूड गोळा कर. मी ती काचेच्या नळीत भरली. मागून झिरझिरीत रेशीम लावून फट सांधली. दोन हातांवरून कळत नाही. मला कळतं.

तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, की बाई गं, तुझा राग त्या घरावर होता, निस्तरलं मोराने. ती गप्प बसत नाही. म्हणते, मी उतरवला म्हणून हिरवं दिसलं तरी, तू तर नुसती राखण करत बसली असतीस. तिचंही खरं आहे.

आणि राग येतोच. गॅरिकचं नाव त्या पलंगाला चिकटलं, चिताऱ्याचं नाव कुठेच नाही, ना इथे ना तिथे. पण हा राग आत्याला नको असतो. तिला कात्रीवरचा हवा असतो.

पुढच्या महिन्यात दुसरी खुर्ची येते आहे. फोटोत बैठकीवर चीट दिसते, निळी पानं, दुमड घट्ट बसलेली. चुका काढायच्या का, असं त्यांनी विचारलंय. मी अजून कळवलेलं नाही.