तुम्ही विचारलंत म्हणून: एकच का?

“पहिलं मूल उशिरा झालं, म्हणूनच एकावर थांबावं लागलं ना?” हा प्रश्न साताऱ्यात मला इतक्या जणींनी विचारला आहे की एकदा नीट उत्तर द्यावे असे वाटते. मुलगी झाली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. याच जिल्ह्यात २००७ साली पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या नवदांपत्यांना ५,००० आणि तीन वर्षे लांबवणाऱ्यांना ७,५०० रुपये देणारी सरकारी योजना सुरू झाली होती, हेही विचारणाऱ्यांनी आठवावे.

लांबवणे म्हणजे कमी करणे नव्हे, असे मी तेव्हा ठासून सांगत असे. बाळंतपणे पुढे गेली की त्या काळापुरता जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुले, प्रत्यक्षाहून कमी दिसतो, हे लोकसंख्येचे अभ्यासक बोंगार्ट्स आणि फीनी यांनी १९९८ साली मांडलेच होते. पण अशा सरासरीतून एकीच्या पदरात काय पडेल ते कळत नाही.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर आम्ही दुसऱ्याचा विचार केला आणि दिवसही राहिले. नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी यजमानांना आत बोलावले, तेव्हाच मी समजले. ठोके नव्हते. क्युरेटिंग करून घरी आले, त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या नात्यातल्या एक बाई उशाशी बसून म्हणाल्या, “वेळेवर केलं असतंस तर ही वेळ आली नसती.” मला उत्तर सुचेना. सासूबाई मात्र म्हणाल्या, “माझं सगळं वेळेवर झालं. चोविसाव्या वर्षी दोन मुलांवर ऑपरेशन झालं. तिसरं हवं का, हे मला कुणी विचारलं नाही.”

महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता, तो मुख्यतः माझ्यासारख्यांमुळे नव्हे. लवकर सुरुवात करून लवकर थांबलेल्या सासूबाईंसारख्या बायकांचा त्यात मोठा वाटा आहे.

पस्तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता झपाट्याने घटते आणि गर्भपाताचा धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. लवकर सुरुवात केली असती तर दुसरे होणे सोपे गेले असते. पण पंचविशीत, नोकरी पक्की नसताना आणि घरात एकच पगार येत असताना, मला दुसरे हवेसे वाटले असते का, याचे उत्तर मी रोज वेगळे देते.