शेऱ्याचा रकाना

आज पहाटे सुरय या वाळूत अंडी घालणाऱ्या पाणपक्ष्यांच्या घरट्यांजवळ लावलेल्या पिंजऱ्यात सापडलेल्या मांजरीला डॉक्टरांनी भूल देऊन कुशीवर वळवले, तेव्हा तिच्या आचळांभोवतीचे केस पिल्लांनी चोखून चोखून चिकटलेले दिसले. मी नेहमीप्रमाणे लिंग आणि वजन लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘नि.’ असे लिहून पान उलटणार, तोच सायलीने विचारले, “मॅडम, नि. म्हणजे काय?” “निकाली,” मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि आपल्या वहीत तेच अक्षर उतरवून घेतले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

संध्याकाळी जुन्या वह्या काढून बसले. पहिल्या दोन हंगामांत मी सरळ ‘मारली’ असे लिहीत होते. पुढे ‘काढली’ झाले, मग ‘निकाली’, आणि आता कित्येक वर्षे नुसते ‘नि.’. त्याच वह्यांमध्ये सुरयीच्या प्रत्येक अंड्यावरचे ठिपके मात्र मी ओळी भरभरून वर्णन केलेले आहेत. बावीस हंगाम या वाळूत घालवले, त्यासाठी काय काय मागे टाकले, आईच्या आजारपणातही मी इथेच होते. पण ते आज नको.

काम चुकीचे आहे असे मला आजही वाटत नाही. संकटाची चाहूल लागली की सुरयीचे पिल्लू वाळूत अंग चोरून निपचित पडते आणि वरून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला ते दिसत नाही. परंतु रात्री वास घेत येणाऱ्या मांजरापुढे तेच निपचित पडणे त्याच्या जिवावर बेतते. मांजर तिथे माणसाने नेले, तेव्हा निस्तरायचेही माणसानेच. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरचे काळे रॉबिन पक्षी मांजरे आणि उंदरांपायी 1980 साली अवघे पाच उरले होते आणि त्यांत वीण घालणारी मादी एकच होती. तिला ‘ओल्ड ब्लू’ हे नाव मिळाले आणि आजचे सगळे काळे रॉबिन तिचे वंशज आहेत. याउलट ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरचे शेवटचे मांजर 2000 साली मारल्यानंतर मांजरांचा धाक संपलेल्या सशांनी उतारच्या उतार खरवडून काढले, आणि बेट पूर्ववत होण्याच्या वाटेवर यायला 2014 उजाडले. मारण्याचा हिशेबसुद्धा इतका काटेकोर ठेवावा लागतो, आणि मी तो एका अक्षरावर आणून ठेवला होता.

शब्द आखडला म्हणून हात थरथरायचा थांबला असेल, आणि हात स्थिर राहिला म्हणून इतकी वर्षे निभावलीही असतील. त्याबद्दल मी स्वतःला दोष देत बसणार नाही. पण सायलीची ही पहिलीच वही आहे.

मघाशी ‘नि.’ खोडून लिहिले: ‘मादी, अंगावर पाजणारी. मारली.’ सकाळी सायलीलाही तसेच लिहायला सांगेन. त्याआधी, उजाडण्यापूर्वी, आम्हाला दोघींना झुडपांमध्ये तिची पिल्ले शोधायची आहेत.